जुन्या गाडीची डिस्क बदलताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

पंधरा वर्षांची गाडी घेऊन 'ब्रेक अपग्रेड करायचेत' म्हणणाऱ्या बहुतेकांच्या गाडीला कंपनीने दिले होते तेवढेसुद्धा ब्रेक उरलेले नसतात. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, झिजून पातळ झालेली, तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड सर्वांत स्वस्त म्हणून आणलेले, ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना सुकलेल्या, ब्रेक ऑइल कडक चहाच्या रंगाचं. अशा गाडीला भोकं पाडलेली चमचमती डिस्क बसवणं म्हणजे गळक्या छपराला झुंबर टांगण्यासारखं आहे. तेव्हा अपग्रेडचा पहिला अर्थ असा धरा: गाडी शोरूममधून निघाली तेव्हा जशी थांबायची, तशी तिला आधी थांबवायची. त्यापुढची हौस नंतर.

माझी गाडी २००६ची स्विफ्ट. मुलुंडला सोसायटीत उघड्यावर उभी असते, चार महिने पावसात भिजते. पुढच्या डिस्क मी आजवर दोनदा बदलल्यात. पहिल्यांदा चुकीच्या पद्धतीने, दुसऱ्यांदा पहिल्या वेळची चूक निस्तरायला. ती चूक पुढे सांगतोच, कारण सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तिथेच.

आधी दुखणं ओळखा

पेडल दाबल्यावर स्पंज दाबल्यासारखं लागतं? मग पाइपात हवा आहे, किंवा रबरी होज फुगतोय. डिस्कचा संबंध नाही. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते? बहुधा एका बाजूचा कॅलिपर जाम आहे. ऐंशीच्या वेगात ब्रेक मारल्यावर स्टीअरिंग थरथरतं? इथे डिस्कवर संशय घ्यायला हरकत नाही. घाट उतरताना पेडल कडक लागतं पण गाडी थांबायला कुरकुरते? पॅड तापलेत. पेडलच खोल जायला लागलं तर ऑइल उकळतंय.

आणि सगळं ठीक आहे, फक्त गाडी 'कमी अंतरात थांबावी' असं वाटतंय, तर टायर बघा. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होत असतील किंवा एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरत असेल, तर ब्रेककडे ताकद भरपूर आहे, रस्त्याला पकड नाही. आठ वर्षं जुन्या, कडक झालेल्या टायरांवर जगातली कुठलीही डिस्क लावा, गाडी तेवढीच घसरणार. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तो आकडा आधी वाचा, मग डिस्कच्या दुकानात जा.

डिस्क जाड का हवी

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. हजार किलोची गाडी ताशी १०० वरून शून्यावर आणली की जवळजवळ ३८६ किलोज्यूल उष्णता तयार होते. ५० वरून आणली तर ९६च, म्हणजे निम्म्या वेगाला पाव उष्णता. ब्रेकचा पाऊण भार पुढच्या चाकांवर येतो. पुढच्या दोन डिस्क मिळून आठ किलोच्या धरल्या, तर ताशी १०० वरून एकदाच थांबल्यावर त्या ७५-८० अंशांनी तापतात. एकदा थांबलात तर काही नाही, वाऱ्याने निवतात.

आता खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरा. साधारण ५०० मीटरची उतरण सगळी ब्रेकवर काढायची ठरवलीत, तर ती उष्णता १०० वरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी होते, आणि मध्ये निवायला उसंत नाही. म्हणून घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला उतरायचं. जाड, वजनदार, पोटात हवेच्या खिडक्या असलेली व्हेंटिलेटेड डिस्क पातळ डिस्कपेक्षा उजवी ठरते ती इथे. शहरात सायनच्या सिग्नलला दोन्हींत तुम्हाला काडीचा फरक जाणवणार नाही.

मोठ्या व्यासाच्या डिस्कचा फायदा वेगळा. पॅड केंद्रापासून जितका लांब पकडतो तितकी पिळण्याची ताकद जास्त. पॅड जिथे पकडतो ती त्रिज्या दहा टक्क्यांनी वाढली, तर पायाच्या तेवढ्याच जोरात चाकाला दहा टक्के जास्त ब्रेक लागतो. पण मोठी डिस्क आली की तिच्या मापाचा, कॅलिपर धरून ठेवणारा ब्रॅकेट आला, कधी कॅलिपर आला, आणि तेरा इंची रिमच्या आत तो मावेल की नाही हा प्रश्न आला. कॅलिपरचा पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) मोठा झाला तर मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल पुढे पाठवणाऱ्या पंपाला, जास्त ऑइल ढकलावं लागतं, पेडल लांब होतं. शिवाय पुढचे ब्रेक वाढले आणि मागचे तेच राहिले की कंपनीने साधलेला तोल बिघडतो.

नवख्याने म्हणून एकच वाट धरावी: आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीनेच मोठी किंवा व्हेंटिलेटेड डिस्क दिली असेल, तर तिथला डिस्क-कॅलिपर-ब्रॅकेटचा पूर्ण संच पार्ट नंबर जुळवून घ्यायचा. नसेल, तर त्याच मापाची पण चांगल्या कंपनीची साधी डिस्क आणि उत्तम पॅड. मागच्या ड्रमची डिस्क करायच्या भानगडीत पडूच नका. त्यात हँडब्रेकची सगळी केबल-यंत्रणा बदलते.

भोकं पाडलेल्या डिस्कबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रस्त्यावरच्या गाडीला नको. तापून-निवून भोकांच्या कडेला चिरा पडतात. खाचा असलेली त्यातल्या त्यात बरी, पण पॅड लवकर खाते आणि आवाज करते.

मोजल्याशिवाय खरेदी नाही

डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. गंजाखाली लपला असेल तर तारेच्या ब्रशने घासा. त्याच्या खाली गेलेली डिस्क लेथवर फेसिंग मारून (घासून सपाट करून) वाचवायची नसते, भंगारात घालायची असते.

मोजताना एक फसगत होते. पॅड जिथपर्यंत पोचत नाही तिथे डिस्कच्या कडेला न झिजलेला ओठ उरतो. साधा व्हर्निअर लावला की तो त्या ओठावर टेकतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. मायक्रोमीटर नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना घासल्या जागी एकेक रुपयाचं नाणं धरा, नाण्यांसकट माप घ्या, मग दोन नाणी एकत्र मोजून वजा करा. ओठ आपोआप बाजूला पडतो. आठ ठिकाणी मोजा आणि आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पॅडचा मसाला तीन मिलिमीटरवर आला की तो संपला समजा.

कुठून काय घ्यायचं

मुंबईत पार्टसाठी दोन जुनी ठिकाणं: ऑपेरा हाऊसच्या आसपासची स्पेअर पार्टची दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. ऑपेरा हाऊसला नवा डबाबंद माल बघा. सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचा उतरवलेला मालही मिळतो. कॅलिपरचा ब्रॅकेट तिथून जुना घेतला तरी चालेल, लोखंडाचा तुकडाच तो. डिस्क, पॅड, होज आणि रबरी किट मात्र जुने घ्यायचे नाहीत, कितीही 'कंपनी का निकाला हुआ' म्हणून दाखवले तरी.

जाताना आरसीचा फोटो, चासी नंबर आणि जुनी डिस्क पिशवीत न्या. तीन-चार किलो वजन लोकलने न्यायला जिवावर येतं, पण एकाच मॉडेलला दोन वर्षांत दोन मापं असतात आणि दुकानदार 'बसेल हो' म्हणतो, तेव्हा काउंटरवर जुनीवर नवी ठेवून बघता येतं. व्यास, उंची, मधलं भोक, नटांची भोकं, चारही जुळली पाहिजेत. डिस्क नेहमी जोडीने घ्या, एका बाजूची कधीच नाही. पॅडला राणे, टीव्हीएस गर्लिंग यांसारखी माहितीतली नावं बघा. छापील किंमत, बॅच नंबर आणि जीएसटीचं बिल मागा. बिल द्यायला कां-कूं करणाऱ्याकडे बाकी काहीही घ्या, ब्रेकचा माल घेऊ नका.

कायद्याचं दोन ओळींत: मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. मूळ मापाची डिस्क बदलणं ही निव्वळ दुरुस्ती. मोठा संच बसवणार असाल तर ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, जे तुमचं आरटीओ असेल तिथे आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्या. पंधरा वर्षांनी आरसीच्या नूतनीकरणाला गाडी तपासणीला न्यावीच लागते.

जागा आणि हत्यारं

सपाट, पक्की जमीन हवी. आमच्या सेक्रेटरींना कंपाउंडमध्ये गाडी खोललेली चालत नाही, म्हणून मी रविवारी सकाळी सहाला सुरू करतो आणि त्यांचा चहा होईपर्यंत एक बाजू उरकतो. जॅकवर उचललेल्या गाडीच्या भरवशावर कधीही काम करू नका. खाली लोखंडी घोडी लावा. मुंबईत पेव्हर ब्लॉक पायलीला पन्नास मिळतात, ते गाडीखाली रचायचा मोह होतो. पेव्हर ब्लॉक फुटतो, आणि सांगून फुटत नाही. तो मागच्या चाकाला अडसर म्हणून ठेवा, त्याची लायकी तेवढीच.

बाकी सामान: व्हील पाना, बॉक्स पान्यांचा संच, टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), तारेचा ब्रश, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनर, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, जाड तार, पारदर्शक नळी, सीलबंद ब्रेक ऑइल. आणि मास्क. ब्रेकची काळी भुकटी तोंडाने फुंकायची नाही, जुन्या पॅडमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

खोलायला सुरुवात

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग उचला, घोडी लावा, चाक काढा. काढलेलं चाक आडवं करून दाराखाली सरकवा, घोडी घसरलीच तर गाडी चाकावर टेकेल.

कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट काढले की कॅलिपर सुटतो. तो होजवर लोंबकळत ठेवू नका. तारेने स्प्रिंगला बांधा. मग ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट. हे हट्टी असतात. आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवला असेल तर सकाळी शिव्या कमी लागतात.

डिस्कवर एक-दोन छोटे स्क्रू असतील तर साध्या पेचकसाने त्यांची डोकी खराब करू नका, हातोडीने मारायचा इम्पॅक्ट पेचकस वापरा. स्क्रू निघूनही डिस्क हलत नसेल तर तिच्या टोपीवर आट्यांची दोन भोकं आहेत का बघा. बऱ्याच जपानी घडणीच्या गाड्यांत असतात. त्यात योग्य मापाचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलात की डिस्क स्वतःच पुढे सरकते. हातोडीचे घाव घातले तर ते बेअरिंगला लागतात. काही जुन्या गाड्यांत डिस्क हबच्या (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) मागून बोल्टने धरलेली असते. तिथे प्रेसशिवाय हब निघत नाही. तसं दिसलं तर बोल्ट परत लावा आणि गॅरेज गाठा.

हबचा गंज: माझी चूक

पहिल्या वेळी जुनी डिस्क काढली, हबवर फडकं फिरवलं, नवी चढवली, तासाभरात काम फत्ते. दोन-अडीच हजार किलोमीटर गाडी लोण्यासारखी थांबली. मग ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ऐंशीला ब्रेक मारला आणि स्टीअरिंग बारीक थरथरायला लागलं. महिन्याभरात ती थरथर साठवर आली. मी दुकानदाराला मनातल्या मनात भरपूर बोलून घेतलं, 'डिस्क वाकडी दिली' म्हणून, आणि ती काढून आमच्या ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे नेली. त्यांनी लेथवर फिरवून डायल गेज (डोल मोजायचं घड्याळासारखं माप) लावला आणि म्हणाले, "डिस्क वाकडी नाही रे बाबा. एका जागी पातळ आहे." मायक्रोमीटर फिरवला, एका बाजूला तीन शतांश मिलिमीटर कमी. "हब साफ केला होतास?"

घरी येऊन हबच्या तोंडावर नख फिरवलं. एका बोल्टच्या मुळाशी गंजाची खपली, नखाच्या कातरणीएवढी. तिने काय केलं ते बघा. हबचं टेकायचं तोंड डिस्कच्या साधारण निम्म्या व्यासाचं असतं. हबच्या कडेला पाच शतांश मिलिमीटरचा गंज राहिला तर डिस्कच्या कडेला तो दुप्पट होऊन दहा शतांश डोलतो. बहुतेक गाड्यांना पाच ते दहा शतांशांपेक्षा जास्त डोल चालत नाही. पाय ब्रेकवर नसतानाही डिस्कची ती बाजू प्रत्येक फेऱ्याला पॅडला चाटून जाते, तिथेच झिजते, आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर झीज हाताला जाणवते. गॅरेजमध्ये 'डिस्क बेंड झाली' म्हणतात त्यातल्या पुष्कळ डिस्क बेंड झालेल्याच नसतात.

म्हणून हबवर अर्धा तास घालवा. आधी तारेचा ब्रश, मग बोल्टांच्या मुळाशी पॉलिश पेपरची गुंडाळी, मधल्या उंचवट्याच्या कडेला पुन्हा ब्रश. पांढरं फडकं फिरवल्यावर तांबूस डाग येईनासा झाला की थांबा. डिस्कच्या आतल्या तोंडावर रंगाचा थेंब किंवा चिकटपट्टी नाही ना, तेही बघा. मग डिस्क चढवून दोन-तीन नट वॉशर घालून आवळा आणि डायल गेज लावून एक फेरा फिरवा. डोल जास्त दिसला तर डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवून बघता येते. गेज नसेल तर तो एखाद्या मिस्त्रींकडून तासाभरासाठी मागून आणणं सर्वांत बरं.

नवी डिस्क गंज लागू नये म्हणून तेल लावून येते. ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजू धुवा आणि नंतर बोटं लावू नका. आतल्या खिडक्यांच्या पाती तिरक्या असतील तर डावी-उजवी डिस्क वेगळी असते, अदलाबदल करू नका.

कॅलिपर आणि पिना

पिना हाताने सरकल्या पाहिजेत. जुनं ग्रीस पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे अजिबात लावायचं नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन सहा महिन्यांत जाम होते. असं ग्रीस भरलेले कॅलिपर मी इतक्या गाड्यांत पाहिलेत की आता झाकण काढायच्या आधीच ओळखू येतं.

पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्लीड निप्पल (कॅलिपरवरची ऑइल आणि हवा सोडायची छोटी तोटी) थोडा सैल करून त्याला नळी लावा, म्हणजे कॅलिपरमधलं घाणेरडं ऑइल बाहेर पडेल, एबीएसच्या दिशेने मागे जाणार नाही. पिस्टनभोवतीचं रबर फाटलेलं असेल तर किट बदला. होज पंधरा वर्षांचे असतील तर तेही आत्ताच बदला. आतून सुजलेला होज ब्रेक लावू देतो, पण सोडू देत नाही, आणि दोष कॅलिपरवर येतो.

ब्रॅकेटचे आणि चाकाचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. छोट्या गाड्यांच्या चाकाच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतं. समोरासमोरचे नट आळीपाळीने. हवेच्या गनने कडकडकड करून आवळू देऊ नका.

ब्रेक ऑइल

हे हवेतलं पाणी शोषतं, आणि मुंबईच्या हवेत पाण्याला तोटा नाही. डॉट ३, डॉट ४ हे ऑइलचे दर्जे, डब्यावर छापलेले असतात. डॉट ३ ताजं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची मर्यादा २३० आणि १५५. बहुतेक जुन्या गाड्यांत डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, मॅन्युअल बघून घ्या. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. दर दोन वर्षांनी बदला. डिस्कला खर्च न करता फक्त ताजं ऑइल आणि चांगले पॅड एवढ्यानेच निम्म्या गाड्या घाटाला लायक होतात.

हवा काढायला दुसरा माणूस लागतो. आत बसलेल्याने पेडल दाबून धरायचं, तुम्ही निप्पल उघडायचा, नळीतून बुडबुडे येतील, निप्पल बंद, मग 'सोड'. निप्पल उघडा असताना पेडल सोडलं तर हवा परत आत जाते. माझा मुलगा 'सोडू का?' विचारून सोडतो, बायको विचारत नाही. मी मुलाला बसवतो. आपल्या गाड्यांत मास्टर सिलिंडर बहुधा उजवीकडे, म्हणून सर्वांत लांबचं मागचं डावं चाक आधी, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, मॅन्युअलमधला तो खरा. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. ऑइल बॉडीवर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग उडतो.

गाडी हलवायच्या आधी

इंजिन सुरू करून पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईपर्यंत. मागे ढकललेला पिस्टन पॅडला टेकलेला नसतो, त्यामुळे पहिलं पेडल थेट तळाला जातं. हे विसरून रिव्हर्स घेतलेली गाडी सोसायटीच्या भिंतीवरच थांबते.

पॅड डिस्कवर रुळवणं

नव्या डिस्कवर पॅडचा पातळ थर एकसारखा बसावा लागतो. मी रविवारी पहाटे ऐरोली पुलावरून रबाळे एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांना जातो, रिकामे असतात. मागे कोणी नाही हे आरशात बघून ५०-६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा. थोडा जळका वास येईल, येऊ द्या. मग ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून दहा मिनिटं ब्रेकला शक्यतो हात न लावता चालवा. तापलेली डिस्क घेऊन सिग्नलला पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो. घरी पोचल्यावर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडसर लावा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

पावसाळ्यात सकाळी डिस्कवर नारिंगी गंज दिसेल, पहिल्या दोन ब्रेकला खरखर होईल आणि जाईल, त्याची काळजी नको. हिंदमातासारख्या तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आलात की हळू चालवत पेडल अलगद दाबून पॅड सुकवा. घाट उतरून आल्या आल्या मात्र चाकांवर पाइपने पाणी मारू नका. आणि जुनं ब्रेक ऑइल गटारात ओतायचं नाही, बाटलीत भरून गॅरेजला द्या. जुन्या डिस्क भंगारवाला वजनावर नेतो, त्यातली एक मात्र ठेवून घ्या, पुढच्या वेळी दुकानात माप जुळवायला लागते.